खुंटीवरचे पट्टे

गुडगाव,
नोव्हेंबर १९९७

प्रिय बाबा,

हे पत्र आईला वाचून दाखवण्याआधी एकदा एकट्याने वाचा. मी ठणठणीत आहे, मला काही झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्र अर्धवट सोडून एसटीडी बूथ गाठाल. पण मी हादरले आहे. गेल्या आठवड्यात आमच्या साइटवर परांचीवरून एक माणूस पडला, आणि त्याच्या पडण्यापेक्षाही नंतर जे कळलं त्याने माझी झोप उडाली. हे फोनवर सांगता आलं नसतं. बूथच्या काचेच्या खोक्यात उभं राहून, बाहेर रांग ताटकळत असताना रडायचं, हे मला जमणारं नव्हतं.

परांची हा शब्द तुम्हीच मला पत्रातून परत शिकवलात. इथे सगळे पाड म्हणतात, आणि दिल्लीत वाढलेली तुमची लेकही पाडच म्हणायला लागली होती. तर या पाडावरच्या माणसांना सुखरूप खाली आणायचं हे माझं काम. दिवसभर माझा घसा ओरडून बसतो. बादली वर ओढायला अडचण होते म्हणून कोणीतरी कठड्याचा आडवा बांबू सोडून ठेवतो, फळीचं एक टोक बांधायचं राहून जातं, आणि वर तोंड करून विचारलं तर सगळे एका सुरात म्हणतात, हो जाएगा मैडम. पावसाळ्यात कमरेला बांधायचे नवे पट्टे आले, दोर आणि आकडा लावलेले, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. आठवड्याभरात त्या पट्ट्यांनी लोकांच्या वळकट्या बांधलेल्या दिसल्या. एका बाईने तर पट्ट्याला साडी अडकवून बाळाची झोळी केली होती. बाळ मजेत झोपलं होतं, त्यामुळे मला नीट चिडताही येईना. त्या संध्याकाळी मी तुम्हाला ते लांबलचक रडगाणं लिहिलं.

तुमचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय. तुम्ही लिहिलंत की हुकमाने माणूस पट्टा बांधतो तो साहेबाची पाठ वळेपर्यंत. त्याच्या मनात त्या वस्तूचा मान असला पाहिजे. पलटणीत खंडेनवमीला बंदुकीशेजारी फावडीसुद्धा पूजेला मांडायचे, आणि मग फावडं ओलांडून जायची कोणाची छाती नव्हती. तू तुझे पट्टे पूजेला मांड, असं तुम्ही लिहिलंत. वाचता वाचता मला आपलं कँटोन्मेंटातलं क्वार्टर आठवलं. तुमची पहार, तुमचा दोरखंड, माझी कंपासपेटी, आणि आईची विळीसुद्धा पाटावर. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही म्हणून दहीभात. दसऱ्याला सकाळी तुम्ही सगळ्यावर अक्षता टाकायचात, काहीतरी पुटपुटायचात, विळी पाटावर जराशी हलवायचात, आणि आई लगेच ती उचलून कोबीला लागायची. ती किती वेळ तुमच्यामागे घाई करत उभी असायची ते आठवतं का? माझ्या डोक्यात त्या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की आता कोबी मिळणार.

तर तुमच्या सांगण्याप्रमाणे मी पूजा केली. सामानाच्या खोलीत भिंतीवर खुंट्या ठोकून घेतल्या, प्रत्येकाच्या नावाची एक. प्रत्येक पट्ट्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, पेढे. लोकांना सांगितलं की माझ्या फौजी वडिलांनी ही पूजा सांगितली आहे. पाड बांधणाऱ्यांचा मुकादम द्वारका, छतरपूरकडचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि सगळ्यात आडमुठा, तो सर्वांत पुढे हात जोडून उभा होता. दसऱ्यानंतर चमत्कार झाला. वळकट्या परत सुतळीने बांधल्या जाऊ लागल्या, झोळीला जुनी दोरी आली. रोज सकाळी माणसं ओळीने त्या खोलीत जाऊन आपापल्या पट्ट्याला हात लावून कपाळाला लावायची. मी दारातून बघायची आणि खूश होऊन मागच्या इमारतीच्या कामाला निघून जायची. पुढच्या बाजूची परांची तर धुळीसाठी तरटाने झाकलेली, खालून वर पावलांशिवाय काही दिसत नाही. तुम्हाला मी मोठ्या ऐटीत कळवलं, तुम्ही ते गावी पारावर तुमच्या मित्राला, तात्यासाहेबांना वाचून दाखवलंत, आणि त्यांनी म्हणे माझी पाठ थोपटायला हवी असं सांगितलं.

द्वारका पडला तो भर दुपारी. तशीच एक टोक न बांधलेली फळी उलटली. मी मागच्या बाजूला होते, आधी फळीचा आवाज आला आणि मग बायकांचा. धावत आले तर तो वाळूच्या ढिगावर पडलेला, एक पाय नको तसा वळलेला, शुद्धीवर होता. मी त्याच्या कमरेकडे बघितलं. पट्टा नव्हता. मला वाटलं, तुटून वर लोंबकळत असेल, म्हणून वर बघितलं. तिथेही काही नव्हतं. त्याला गाडीत घालून पाठवलं, आणि मी का कोण जाणे, सामानाच्या खोलीत गेले.

बाबा, सगळे पट्टे खुंटीवर होते. एकूण एक. काम चालू होतं, माणसं अजून वरच होती, आणि इथे भिंतीवर वाळलेल्या माळा घालून ओळीने पट्टे टांगलेले, वर रोजचं ताजं कुंकू. खाली उदबत्तीची राख. तिथेच सिमेंटच्या गोणीवर मी मटकन बसले.

संध्याकाळी इस्पितळात गेले. पायाला आणि खुब्याला मार आहे, पण डॉक्टर म्हणाले तो पुन्हा चालेल. मला बघून त्याने पहिलं काय सांगावं? माता ने झेल लिया, मैडम, सुबह माथा टेका था. मी त्याला विचारलं, पट्टा बांधला का नाहीस? माझा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "पूजा की चीज़ कमर में कैसे बाँध लें? पाड पर बीड़ी पीते हैं, पैर भी लगता है। हमने आपसे पूछा था, विसर्जन कब होगा। आप ही ने तो कहा था, इसका विसर्जन नहीं होगा।"

त्याने विचारलं होतं, बाबा. दसरा झाल्यावर दोन-तीनदा विचारलं होतं. मला वाटलं, हे लोक विश्वकर्म्याच्या मूर्तीसारखे माझे नवेकोरे पट्टे नेऊन कालव्यात सोडणार. मी हसून म्हणाले होते, अरे, इसका विसर्जन नहीं होगा, ये तो हमेशा रहेगी. आणि त्यांनी माझा शब्द पाळला. जे मी शिस्त समजत होते, ते दर्शन होतं. इतके दिवस माझ्या डोळ्यांदेखत माणसं देवाचा निरोप घेऊन उघड्या कमरेने वर चढत होती.

आता तर सगळंच हाताबाहेर गेलंय. द्वारका वाचला, म्हणजे पट्ट्यांतली देवी जागृत आहे, हे साऱ्या साइटवर पक्कं झालंय. दुसऱ्या दिवशी बायकांनी नारळ फोडला. झोळीवाली बाई बाळाला घेऊन पट्ट्यांच्या पाया पडायला आली. मी रागाने द्वारकाचा पट्टा खुंटीवरून ओढून काढला आणि स्वतःच्या कमरेला बांधला, तर माणसं मान खाली घालून मागे सरकली, आणि संध्याकाळी कोणीतरी तो पाण्याने शुद्ध करून परत टांगला. मी हुकूम काढला. समोर बांधतात, हात जोडून माफी मागत बांधतात, आणि मी वळले की काढून ठेवतात. त्यांची चेष्टा करायचं मला सुचतही नाही. मला भीती वाटते. आमचे साइटप्रमुख नीरज सर, त्यांनी माझ्या हट्टापायी बाहेरचं काम महिनाअखेरीपर्यंत थांबवलंय. त्यानंतर ते वर चढणारच, आणि पुढच्या खेपेला खाली वाळू असेलच असं नाही.

काल पोळीबरोबर खायला कोबी चिरत होते आणि एकदम हात थांबला. आईला विळी उचलता यायची ती तुम्ही अक्षता टाकून ती हलवल्यावर. तोवर ती भूक लागली तरी हात लावत नसे. आपण देव बसवले, बाबा, आणि उठवायचे राहिले. माझ्या शब्दाने ते आता उठणार नाहीत, मीच तर हमेशा म्हणाले होते. पण फौजीबाबांनी पूजा सांगितली हे त्यांना ठाऊक आहे, तुम्ही उठवलेत तर मानतील. म्हणून हे पत्र. तुमची लाडकी झेलम एक्स्प्रेस धरा आणि महिना संपायच्या आत या. आईच्या हातच्या अक्षता आणा. सगळ्यांसमोर एकेक पट्टा हलवा, जे काय पुटपुटायचात ते मोठ्याने म्हणा, आणि मग पहिला पट्टा, द्वारकाचा, तुमच्या कमरेला बांधून पहिल्या फळीपर्यंत तरी चढा. गुडघ्याचं मला माहीत आहे, मी खालून धरीन. मी त्यांना सांगून टाकलंय की तुम्ही येताय.

वाट बघणारी,
तुमचीच
देवयानी