हनुवटीखालचा हात

पिरंगुट, ६ जुलै २००९
आज सकाळी आंघोळ उरकून देवापुढे दिवा लावला, लेकीच्या, वैभवीच्या हातचा चहा घेतला आणि वेळेआधीच निघालो. कारखाना बंद पडल्यावर घरी बसलो होतो. आता पुन्हा नोकरी! मेधा मॅडमच्या दवाखान्यात दातांचा थ्रीडी फोटो काढणारं यंत्र आलं आहे. पेशंटला बसवायचं, हनुवटी आधारावर टेकवायची, बाहेर येऊन जाड दार लावायचं. आत कोणी थांबायचं नाही, हे मॅडमनी बजावून सांगितलं. यंत्र डोक्याभोवती एक फेरी घेतं आणि कॉम्प्युटरवर सगळा जबडा उभा राहतो, हवा तसा फिरवून पाहावा. मला माझ्या नावाचा बिल्ला मिळाला. किरणांसाठी असतो म्हणाल्या. नमस्कार करून खिशाला लावला.

१५ जुलै
वैभवी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जाते, अंधार पडल्यावर परतते. आईविना वाढलेली पोर. बिल्ला दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातला. किरणांपासून राखतो, तर बाकीच्यापासूनही राखेल. ती हसली, "आबा, मैत्रिणी विचारतील, हा कुठल्या कंपनीचा पास?" पण काढला नाही.

२३ जुलै
सारजाबाई नावाची मेंढरंवाली म्हातारी आली. मान सारखी डुगडुगत होती, फोटो बिघडत होता. "म्या न्हाई हलत, बाई. ही मानच ऐकंना!" शेवटी मॅडमनी मला शिशाचा एप्रन घालून आत उभं केलं आणि तिची हनुवटी धरायला लावली. फोटोत माझी बोटंही आली, नुसती हाडं. लहानपणी मोडलेली वाकडी करंगळी लगेच ओळखू आली.
बिल्ला कुठे, मॅडमनी विचारलं. खरं ते सांगितलं. "अहो काका, तो काय ताईत आहे? तो वाचवत नाही, नुसता मोजतो." उद्या आणा म्हणाल्या. पण पोरीच्या गळ्यात घातलेलं काढायला मन होईना. विसरलो म्हणून वेळ मारून नेली.

१८ ऑगस्ट
आज एका मुलाचा फोटो. मी दाराबाहेर होतो. तरी त्याच्या हनुवटीखाली बोटं आली. करंगळी वाकडी. मॅडमनी घाईनं फोटो बंद केला. पेशंट हलला, म्हणाल्या. मुलगा मुळीच हलला नव्हता. मॅडम काहीतरी लपवताहेत.

९ सप्टेंबर
आणखी एक, एका बाईंच्या फोटोत. बोटं आता गळ्याकडे उतरली आहेत. त्या बाई गळा चोळतच बाहेर आल्या. धरायचंच तर जरा हळू धरा, असं मला म्हणाल्या. मॅडम माझ्या हातांकडे बघत राहतात. मी मनात नामस्मरण करतो.

१ ऑक्टोबर
आज बिल्ला दवाखान्यात नेला, त्यातली पट्टी तपासायला मुंबईला गेली. नवी पट्टी घालून बिल्ला परत वैभवीच्या गळ्यात. अलीकडे फोटोत हात दिसत नाही. सुटलो, असं वाटतं.

२ नोव्हेंबर
अहवाल आला. मॅडमची पट्टी कोरी. माझ्या पट्टीवर किरणच किरण. बिल्ला यंत्रासमोर ठेवून गेला होता का, म्हणून ओरडल्या. तो तर पोरीच्या गळ्यात होता. यंत्रातला हात कुठे गेला, ते आता —

३ नोव्हेंबर
वैभवी आरशासमोर. हनुवटीखाली लाल वळ. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. शेवटचं वाकडं.
"आबा, झोपेत माझी हनुवटी कशाला धरता? मी काय लहान आहे?"
मी धरली नाही. देवाशपथ, मी —

४ नोव्हेंबर
वळ गळ्यावर. आवाज बसलाय तिचा. तो हात माझाच. आत राहिला होता. माझ्या नावामागे घरी आला. ते नाव मीच तिच्या गळ्यात —

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
दोरी तिच्या गळ्यातून काढली. रडली, तरी तिला महाळुंग्याला मावशीकडे धाडलं. बिल्ला माझ्या गळ्यात घातला. नाव माझं, मग गळाही माझाच असू दे.
आत्ता तिचा फोन आला. आवाज मोकळा झालाय. देवा, तुझी कृपा —
डावा हात वहीवर आहे. उजव्यात पेन. हनुवटीखाली गार —