सोयाचं बदक

प्रिय प्रथमेश,

काल तुझा फोन मध्येच बंद झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे, मी ठेवला म्हणून. इलाच्या घरी, हर्नडनला, रेंज उत्तम असते. तुझ्या निधीच्या हृदयातलं भोक बुजवायचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, तू रडत होतास, आणि रडता रडता म्हणालास, "आई, तू देवीला नवस बोल. मी लहानपणी तुझ्या नवसानेच वाचलो ना? तुझं ती ऐकते." त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नसतं. तू नुसतं "आई गं" म्हटलंस तरी मी विरघळते. म्हणून लिहून काढतेय. इला याचे फोटो काढून तुला पाठवेल. न वाचता पाठवीन म्हणालीय, पण वाचणार, माझीच भाची आहे.

तू सगळ्यांना सांगतोस म्हणे, आई चायनीज जेवणावरून रुसली आणि इलाकडे जाऊन बसली. चायनीज जेवणावरून! अरे, मला तर ती जागा आवडली होती. बेलव्ह्यूतल्या तुमच्या त्या काचेच्या इमारती बघून माझे डोळे शिणले होते, आणि तू पूल ओलांडून सिॲटलच्या जुन्या चिनी वस्तीत नेलंस. मागच्या गल्ल्या, विटांची जुनी घरं, भिंतींना बाहेरून लटकलेले लोखंडी जिने, भाजीची ओली खोकी. इथे माणसं राहतात असं कितीतरी दिवसांनी वाटलं. दुकानाच्या काचेत भाजलेली बदकं ओळीने टांगलेली, तपकिरी, चकचकीत, खाली ट्रेमध्ये चरबी ठिबकतेय. अदिती म्हणाली, "आई, तिकडे बघू नका." मी म्हटलं, अगं, बघायला काय होतंय, मी अलिबागच्या मासळी बाजारात वाढलेय. खात नाही एवढंच.

तुझ्या ऑफिसातला तो देवदत्त आधीच टेबल धरून बसला होता. बदक इथे आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, हे तोच कौतुकाने सांगत होता. म्हणजे सगळं आदल्या दिवशीच ठरलं होतं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. एक म्हातारा चिनी वाढपी ढकलगाडीवर अख्खं बदक ठेवून आला आणि पातळ सुरीने त्याची कातडी सोलायला लागला. काय हात होता त्याचा! मी बघतच राहिले. तेवढ्यात तू उठून काउंटरपाशी गेलास आणि वेगळी बशी घेऊन आलास. "आई, हे तुझं. सोयाचं बदक. चिन्यांमध्ये बौद्ध लोक व्हेज असतात, त्यांच्यासाठी खास करतात." ब्रेडच्या पाकिटावरचंसुद्धा चष्मा लावून वाचणारी बाई मी. पण पोटचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर पर्समधून चष्मा काढायचं सुचलंच नाही.

तू स्वतः मला भरवलंस. ती पातळ पोळी, तिला काळा गोड रस्सा चोपडलास, काकडी, कांद्याची पात, वर त्या बशीतले तुकडे, आणि छान सुरळी करून माझ्या तोंडात. देवदत्तच्या हातात फोन होता. मला वाटलं, मायलेकाचा फोटो काढतोय. आणि खरं सांगू? मला ते आवडलं. तळलेल्या सुरमईची कड कशी कुरकुरते, तशी ती कातडी दाताखाली मोडली आणि आतली चरबी जिभेवर पसरली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी म्हटलं, काय रे, सोयाला एवढी चव? आणि दुसरं मागितलं. मागितलं रे मी, तोंड उघडून. तुम्ही दोघं ओठ दाबून एकमेकांकडे बघत होतात, आणि मला वाटत होतं, सगळे माझ्या आनंदात आनंदी आहेत.

त्या टेबलावर एकच माणूस माझ्या बाजूचं निघालं. पाच वर्षांचं. निधी म्हणाली, "आजी, डोन्ट ईट इट. ते रिअल आहे. डॅडी इज ट्रिकिंग यू." मग काय हसलात! तुला तर ठसका लागला. "काय झालं, आई? आकाश कोसळलं का? पस्तीस वर्षं उगाच उपाशी राहिलीस यार!" यार म्हणालास मला. अदिती खाली मान घालून काकडी खात राहिली. तो म्हातारा चिनीसुद्धा हसत होता बिचारा, त्याला वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे. मी मोरीत, त्यांच्या त्या अरुंद बाथरूममध्ये, घशात बोटं घालून उभी होते तेव्हा बाहेरून तुझा आवाज ऐकू येत होता. तू तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकत होतास. मनोहरमामाने अलिबागहून हसरे चेहरे पाठवले. त्याला मी दोष देत नाही, त्याला काहीच माहीत नाही.

त्यानंतर महिन्याभरात निधी शाळेत खेळताना धापा टाकायला लागली आणि डॉक्टरांना ते भोक सापडलं. त्याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही हं. भोक जन्मापासूनचं आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय, आणि देवी काही एवढी कोत्या मनाची नाही. मी मुळीच म्हणत नाही. पण तुझ्या मनात ते आलंय. एरवी माझ्या देवघराला 'आईचं शोकेस' म्हणणारा तू, काल नवसाची भाषा बोललास, ती उगाच नाही.

तर आता ऐक. तू निधीएवढाच होतास. ताप मेंदूत गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. तुझ्या बाबांना वाटलं, मी देवीला साडीचोळी बोलले. साडीचोळीवर कोण मुलगा परत देतं? माशाशिवाय ज्या बाईच्या घशाखाली भात उतरत नव्हता, तिने जिभेवरचा मासा देवीच्या पायाशी ठेवला. मासा, मटण, सगळं, जन्मभर. म्हटलं, हे घे आणि याला सोड. सकाळी तू पेज मागितलीस. घरी मी सांगितलं, मला पित्त होतं. तुझ्या डोक्यावर ओझं नको म्हणून तुला कधी बोलले नाही. ते व्रत तू त्या गल्लीत, मित्राला दाखवायला, माझ्या तोंडाने मोडून घेतलंस. आता त्याच तोंडाने मी तिच्याकडे काय मागू? नाही बोलणार मी नवस. बुधवारच्या विमानाने येतेय, निधीच्या उशाशी बसेन, अदितीला चार घास करून घालेन, ते सगळं करेन. नवस तू बोल. तुला सगळ्यात आवडतं ते दे, आणि मरेपर्यंत पाळ. पुढे निधी मोठी होऊन चारचौघांत हसत हसत तो तुझ्याकडून मोडून घेईल, तेव्हा तिला कारण सांगू नकोस. लेकराला असलं सांगायचं नसतं, जन्मभर पोखरतं ते. मला हे ठाऊक आहे, आणि तरी मी तुला सांगितलंय.

तुझीच, अजूनही,
आई