आईने वाचून दाखवलेला लेख

ती. आईस,
तुला आणि बाबांना नमस्कार. त्यांना तो तोंडीच सांग, हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

मी बरी आहे. खोलीत भरपूर ऊन येतं, जेवणाची आबाळ नाही. फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहितेय.

मासिकात आलेला माझा लेख बाबांवरच आहे, हे आधी सांगायचं धाडस झालं नाही. त्यांचा आठवडा-आठवडा चालणारा अबोला, ताट सरकवून उठणं, सगळं लिहिलं. इथे लोकांनी पाठ थोपटली आणि मी हुरळून गेले.

काल बाबांचा फोन आला. म्हणाले, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, मग तुझ्या आईनेच लेख वाचून दाखवला." आता बोलणी खायची, म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला. तर म्हणतात, "परीक्षेच्या वेळी तुला टिकटिक नको म्हणून मी घड्याळातला सेल काढून ठेवायचो, ते तुझ्या लक्षात आहे होय? मला वाटलं, कुणाला ठाऊकच नाही."

आई, ते मी लिहिलेलंच नाही. तू अंक समोर धरून मनचंच वाचलंस. मला ते आठवत होतं गं. पण लेखातल्या बाबांना शोभत नव्हतं, म्हणून गाळलं.

त्यांनी एक अंक कौतुकाने न्हाव्यालाही दिलाय म्हणे. आता मी कुठे तोंड लपवू? डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? तुझे गुडघे कसे आहेत?

डॉक्टर त्यांना कधीपासून वाचू देणार, तेवढं कळव. आणि तू वाचून दाखवलास तो लेख मला सगळा लिहून पाठव. मला तो लिहायला जमला नाही.

तुझी,
लेक