पन्नासावी टाचणी

३ मार्च

प्रिय चिमणे,

ताईचे आशीर्वाद. आता तू आजी व्हायला निघालीस, तरी मी चिमणीच म्हणणार. राग आला तर गिळून टाक.

तुझं सहा ओळींचं पत्र मिळालं. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर सहा ओळी, म्हणजे वर्षाला तीन पडल्या. पण पत्र आलं, हेच खूप. सूनबाईची तब्येत छान आहे, दहा-बारा दिवसांत मोकळी होईल, हे वाचून फार बरं वाटलं. तिला म्हणावं, आता जिना चढउतार पुरे.

तीस वर्षं कारखान्यात मशीनवर शिवलंस आणि आता तुला हाताने गोधडी शिवायची हौस आली! सामान काय काय लागतं ते कळव, असं हुकूम सोडल्यासारखं लिहिलं आहेस. फोनवर पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, तेव्हा पत्रच बरं. घे लिहून.

आधी कात्री. ती फक्त कापडाची. एकदा जरी तिने कागद कापला तरी धार गेली म्हणून समज, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आत्ताच दम देऊन ठेव. आईची कात्री माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार, म्हणून तू नवी घे.

सुया आखूड घे. लांब सुई तीन थरांतून जाताना वाकते. अंगुस्तान मधल्या बोटाला घट्ट बसणारं हवं. सैल असलं तर सुईचं बूड बोटात शिरतं आणि तोंडातून नको ते शब्द निघतात. दोरा सुतीच, आणि सोबत मेणाचा एक गोळा. दोरा त्यावरून ओढून घेतला की गुंता होत नाही. आखायला पट्टी आणि खडू घे. पेन्सिल नको, तिच्या रेघा चार धुण्यांनीही जात नाहीत. मधल्या थरासाठी कापसाचं तयार शीट मिळतं, ते अख्खं घे. तुकडे जोडत बसलीस तर आत गोळे होतील. लाकडी गोल चौकट घे, मांडीवर ठेवता येईल एवढी. आणि उसवणी. शिवायला बसण्याआधीच उसवायचं हत्यार कोण विकत घेतं, असं तुला वाटेल. पण पहिल्याच दिवशी घे.

टाचण्याही लागतात. त्या कुठल्याही चालतील.

तू लिहिलं आहेस की मी दिलेली गोधडी तू कपाटातून काढलीस, तिला ऊन दाखवलंस आणि बाळ घरी आलं की त्याला तीवरच निजवणार आहेस. ती मला परत पाठव. कडेची पट्टी एका बाजूने नीट बसलेली नाही, माझ्या मनाला ते लागून राहिलं आहे. चार दिवसांत करून देते. उद्याच पाठव, विसरू नकोस.

अक्षर मोठं आलं आहे. पेन जाड आहे.

तुझी
ताई


९ मार्च

चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते तू घेत नाहीस ही गोष्ट वेगळी.

‘दिलेलं परत मागायची तुझी खोड जुनीच आहे,’ असं लिहिलंस. वर बाहुलीची गोष्ट काढलीस. बाई, ती बाहुली मी परत घेतली कारण तू तिचे केस कातरून तिला टकली केली होतीस. तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, मी अकराची. पन्नास वर्षं झाली त्याला. तुझ्या डोक्यात राग काय मुरतो, लोणचंही एवढं मुरत नाही.

तुला वाटतं मी भांडणाचा सूड म्हणून गोधडी मागते आहे. तसं नाही. आईच्या कपड्यांचे शेवटचे तुकडे त्या गोधडीत आहेत, तो निळा ठिपक्यांचा, तो तपकिरी, जे लुगडं नेसून ती शिवणाला बसायची त्याचा. ती तुझ्याकडेच शोभते. मला ती आठ दिवस हवी आहे, नंतर तुलाच.

काल मी तुला लिहायला बसले होते की कापसाला कसर लागली असेल. लिहिलं आणि पान फाडून टाकलं. आता खरं लिहिते.

मधल्या थरात एखादी टाचणी राहिली असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणते आहे. राहिलीच आहे असं नाही.

तुला आईची डबी आठवते ना, टाचण्यांची? पन्नास मोजून काढायच्या, पन्नास मोजून परत ठेवायच्या. हिशेब जुळल्याशिवाय ताटं वाढली जायची नाहीत. एकदा एकोणपन्नास भरल्या तेव्हा सबंध घर रांगत होतं, बाबासुद्धा. आणि शेवटी ती निघाली तुझ्या वेणीत! तू गालातल्या गालात हसत होतीस. तुला मार बसला नाही, मला बसला, कारण मोठी मी होते.

आता तू विचारशील, तुझी गोधडी झाल्यावर मी मोजल्या नाहीत का. त्या दिवशी काय रामायण चाललं होतं ते तुलाही माहीत आहे. अशा गडबडीत कोण काय करतं याचं भान राहत नाही.

गोधडी पाठव. पाठवायची नसेल तर निदान बाळाला तिच्यावर ठेवू नकोस. एवढं ऐक माझं.

ताई


१५ मार्च, सकाळ

चिमणे,

नातीची आजी झालीस. तुझ्या लेकाने तीन दिवसांपूर्वी फोन केला तेव्हा मला रडू आलं, मग मी त्याला खोटंच सांगितलं की सर्दी झाली आहे. फार फार आनंद झाला. आज दुपारी तिला घरी आणणार आहात, हेही त्यानेच सांगितलं.

त्याला मी म्हटलं, “अरे, त्या गोधडीवर तिला ठेवू नका, आधी मला एकदा तपासू दे.” तो गरीब ‘बरं मावशी’ म्हणाला. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, “तिला म्हणावं, कारखान्यातून मोठं लोहचुंबक आणून दोन वेळा फिरवलं. काही नाही निघालं. म्हणावं, आता आणखी नवं कारण शोध.”

त्यानंतर मी तुला सात वेळा फोन लावला. सातही वेळा तू कापलास. शेवटी काल रात्री तुझ्या लेकाला लावला, तर तो हसत म्हणाला, “आईने स्वच्छ धुऊन पाळण्यात घातलीसुद्धा.”

चिमणे, आईच्या टाचण्या पितळेच्या आहेत.

लोखंडी टाचणी कापडात राहिली तर गंजते आणि डाग पडतो, म्हणून आई पितळीच वापरायची. तू मशीनवर बसलीस, तुला ती डबी हाताळायची वेळच आली नाही. चुंबक लाख वेळा फिरव, पितळ हूं का चूं करणार नाही. मी गेल्या पत्रात हे लिहायला हवं होतं. ‘शक्यता’ असा शब्द लिहून मी स्वतःला सोडवून घेतलं आणि पितळ हा शब्द गाळला. कारण तो लिहिला असता तर पुढचंही सगळं लिहावं लागलं असतं.

ते आता लिहिते.

मी मोजल्या होत्या. तू दार आपटून गेलीस आणि मी पहिलं काम तेच केलं. एकोणपन्नास भरल्या. जमिनीवर पालथी पडून शोधलं, पलंगाखाली, सतरंजीखाली, स्वतःच्या पदरात. पुन्हा मोजल्या. चार वेळा मोजल्या. गोधडीवरून हात फिरवला, पण आपण कापूस जाड घातला होता, आडवी पडलेली टाचणी हाताला लागत नाही. कुणी अंग टाकलं, वजन पडलं, की मग ती हळूहळू वर येते.

उसवायला हवी होती. उसवणी समोरच होती. पण त्याच्या तासभर आधी तू म्हणाली होतीस, “ताई, टाके वाकडे पडताहेत. तुला दिसत नाहीये. डोळे दाखव डॉक्टरांना.” आणि मी तुला काय काय नाही बोलले. म्हटलं, मशीनवर कापड ढकलणाऱ्यांनी मला टाके शिकवू नयेत. म्हटलं, आईने कात्री मला दिली ती उगाच नाही. तुझा चेहरा पांढराफटक पडला असेल, तो मला दिसला नाही. खरंच दिसला नाही गं. तू दाराकडे वळलीस तेव्हा आवाजावरून कळलं.

डोळे मी त्याच्या दोन महिने आधीच दाखवले होते. नजरेच्या बरोबर मधोमध धूसर डाग आहे, तो वाढणार आणि गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडेकडेचं दिसतं. जे बघायला जावं तेच नेमकं नाहीसं होतं. सुई शेजारची नर्स ओवून देते, एका वेळी दहा सुया, मी त्या उशीत टोचून ठेवते. तुझी गोधडी अर्ध्याहून जास्त मी बोटांनी चाचपून शिवली. एक टाचणी कापसात बुडाली आणि मी तिच्यावरून शिवत गेले, याचं नवल नाही.

ती उसवली असती तर तू बरोबर होतीस हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी ती घडी घालून तुझ्याकडे पाठवून दिली. वर चिठ्ठी लिहिली, ‘जपून ठेव, वापरू नकोस.’ तुला वाटलं असेल ताईचा जीव अडकला आहे तिच्यात. मी मात्र मनाशी म्हणत होते, ती कपाटात आहे तोवर सगळं ठीक आहे. दोन वर्षं ठीक होतं. मग तुझ्या सहा ओळी आल्या.

मला लाज वाटते, चिमणे. तू सामानाची यादी मागितलीस तेव्हाच पहिल्या ओळीत हे लिहायला हवं होतं. मी तुला मेणाच्या गोळ्याचं सांगत बसले.

पेन जाड नव्हतं.

हे मी बसस्टँडवरच्या बाकावर बसून लिहिते आहे. ओळी चढल्या-उतरल्या असतील तर सांभाळून घे. गाडीवरची पाटी वाचता येत नाही म्हणून तिघांना विचारलं, तिघांनीही हीच दाखवली, तेव्हा मी तुझ्याकडेच येते आहे असं समजायला हरकत नाही. साडेअकरापर्यंत पोचेन. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, तिसऱ्या वाक्याला आपलं वाजेल आणि तोवर तुम्ही तिला घेऊन याल. म्हणून बेल वाजवून हे दाराखालून आत सरकवणार आहे आणि बाहेर पायरीवर बसणार आहे.

मला आत घेऊ नकोस. फक्त पाळण्यातली गोधडी काढ आणि बाहेर दे. पिशवीत उसवणी आहे, आणि आईची कात्रीही. कात्री तुला ठेवायला आणली आहे, ती आता परत मागणार नाही. लागलं तर कापडही कापू, निळा ठिपक्यांचा फाटला तरी फाटू दे.

पण एक अडचण आहे. टाके माझ्या बोटांना कळतात, ते मी उसवीन. पितळ कापसात चमकलं तर मला ते दिसणार नाही. त्यासाठी कुणीतरी शेजारी बसून बघायला हवं. नर्सला आणणार होते, आणली नाही.

डबीही आणली आहे. एकोणपन्नास आहेत. तू मोज.

तुझ्या पायरीवर बसलेली,
ताई