सावडीचं बोलावणं

प्रिय अक्षदा,

पहाटेपासून कानात एक कूक घुमतेय. आजची नाही, माझ्या लहानपणची. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत संध्याकाळी माझा बाप वरच्या शेताच्या बांधावर उभा राहायचा, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरायचा आणि माळापलीकडच्या पाड्याच्या दिशेने कूक घालायचा. लांबलचक, शेवटाला वर चढत जाणारी. मग कान देऊन उभा राहायचा. मी त्याच्या धोतराचा सोगा धरून पलीकडे बघत असायचो. पावसाची झड, चिखलाचा वास, आणि मग कुठूनतरी तशीच कूक परत यायची. मला वाटायचं डोंगरच बोलला. बाप म्हणायचा, "झालं, उद्या माणसं येतील." तेवढ्यावर घरात दुसऱ्या दिवशीच्या भाकरींचं पीठ दळायला घ्यायचे.

फोनवर माझं काही धड बोलणं होत नाही, हे तुला माहीत आहे. तुझी आई फोन हातात देते, तुझा चेहरा दिसतो, आणि मी "जेवलीस का" याच्या पलीकडे जातच नाही. तिकडे कॅनडात तुझी सकाळ, इथे आमची दिवेलागण, मधेच आवाज तुटतो. म्हणून आज कागद घेऊन ओटीवर बसलोय. चंदर, म्हणजे तुझा बाप, आज मुरबाडच्या ड्यूटीला सुट्टी टाकून घरीच आहे, तो पानांचे फोटो काढून तुला पाठवील. अक्षर वाकडं वाटलं तर म्हातारपणावर ढकलू नकोस. पाटावर कागद ठेवून लिहितोय आणि हवेत ओल आहे, शाई फुटते.

तुझी शेवटची टर्म चालू आहे, ऑगस्टात संपते. वर्गातले विषय बहुतेक झाले, आता तो मोठा प्रकल्प राहिलाय. एका छोट्या वस्तीला वर्षभर पाणी कसं पुरवायचं त्याचा पुरा आराखडा, हिशेबासकट, तोही चौघांनी मिळून करायचा. बरोबर सांगतोय ना? तू गेल्या गणपतीत आली होतीस तेव्हा याच ओटीवर बसून मला समजावलं होतंस. कोर्स पुरा केला तर तिथे काही वर्षं काम करायची परवानगी मिळते, अर्ध्यात सोडला तर काहीच हाती नाही. मी तेव्हा मान डोलावत होतो, पण मनात दुसरंच होतं. आपल्या तालुक्यातली धरणं मुंबईची तहान भागवतात आणि वैशाखात आपल्याच पाड्यावरच्या बाया टँकरची वाट बघत उभ्या राहतात. तू लहान असताना विचारलं होतंस, "आजा, पाणी आपलं तर मग टँकर कोनाचा?" त्या प्रश्नाचा पाठलाग करत पोरगी किन्हवलीहून शहापूर, शहापूरहून समुद्रापार गेली, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. तुझी आई म्हणते, "आबा, तुमी सांगताना जरा मीठमसाला कमी घाला."

शाळेत मी शिपाई होतो, पण खरं तर आयुष्यभर चौथीच्या खिडकीशी उभं राहून कविता ऐकण्याचीच नोकरी केली. घंटा द्यायची वेळ होऊन जायची आणि आत पोरं चालीवर म्हणत असायची, तर हात घंटेकडे जायचाच नाही. हेडमास्तर ऑफिसातून ओरडायचे, "देवराम, कविता संपली की घंटा द्या हं, आम्ही थांबतो." मी लहान असताना मला शिकवलेले गोजर गुरुजी स्वतःही कविता करायचे, आपल्या पोरांना समजतील अशा, कुठे छापून न आलेल्या. त्यातली एक अजून तोंडात आहे:

हाक दिल्याविण ओ ना येई, हात दिल्याविण हात;
एकट्याच्या वाफ्यामधले पिवळे पडते भात.

दर पावसाळ्यात गुरुजी ही म्हणून घ्यायचे आणि आम्ही पोरं शेवटच्या "भात"वर मुद्दाम खालच्या पट्टीत जायचो. अर्थ कुणाला कळत होता? मलाच तो नीट कळायला या आषाढापर्यंत थांबावं लागलं. ते पुढे सांगतो.

आधी तुझं. तुझ्या आईला तू नोकरीचं जे सांगितलंस ते तिने परवा रात्री मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. अर्ज करून करून दमलीस, कुठून उत्तर येत नाही, आलं तरी "धन्यवाद, पण नको" असंच येतं. आणि तुझ्या मॅडमनी टर्म सुरू होताना सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, की नोकरीसाठी ज्याला माझी शिफारस हवी, ओळखीच्या कंपन्यांत शब्द टाकायला हवा, त्याने माझ्या खोलीत यावं. बाकीची पोरं जाऊन आली. तू गेली नाहीस. तू म्हणालीस, मी चांगलं काम केलं तर त्या आपणहून बोलावतील, मागायला जायचं म्हणजे वशिला लावल्यासारखं वाटतं. आणि तुमच्या गटातली ती घानाची मुलगी आजारी होती तेव्हा तिच्या वाट्याचं काम तू रात्री जागून केलंस, ती बरी झाली तरी तुझ्या वाट्याचं थोडं उचल असं तिला म्हणाली नाहीस. "तिला कळायला हवं," असं म्हणालीस म्हणे.

हे ऐकलं तेव्हा मी तुझ्या आईसमोर जोरात हसलो. तिला वाटलं म्हाताऱ्याला काही कळलं नाही. मी हसलो ते माझ्यावरच.

कारण इथे मी तेच करून बसलो होतो. तुला माहीत आहे, मला आता वाकून लावणी होत नाही, पण बांधावर बसून आवणाच्या, रोपांच्या, मुठी लावणाऱ्यांच्या हाताशी फेकायचं काम अजून माझं. यंदाही सावडीत, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या अशा रीतीने, मी सगळीकडे हात देऊन आलो. आधी लखमाबाईच्या पाड्यावर, मग खालच्या आळीत, मग कोंडूच्या शेतात. कोंडूच्या बांधावरून उतरताना पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. शहापूरला नेऊन प्लॅस्टर घातलं. हे तुझ्यापासून लपवायचं असं घरात ठरलं होतं, आणि ते ठरवणारा मीच होतो. मग ओटीवर पाय लांब करून बसलो आणि वाट बघायला लागलो. माझा हिशेब सरळ होता. मी सगळ्यांना हात दिलाय, माझा पाय मोडल्याचं गावाला ठाऊक आहे, आता सगळे आपणहून येतील. बोलवायचं कशाला? आणि बोलवायला गेलो तर मोडका पाय दाखवून मागतो असं दिसेल.

कुणी आलं नाही. रस्त्याने माणसं जायची, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद पांघरलेली, हसत, एकमेकांच्या शेतावर. ओटीवर मला बघून हात करायची, "कसा हाय पाय?" आणि पुढे जायची. मी आतल्या आत कडू होत गेलो. राबातलं, रोपवाटिकेतलं, आवण गुडघ्याच्या वर आलं, शेंडे पिवळे पडायला लागले. चंदर म्हणाला, "बाबा, मजूर बघतो," पण मजूर या दिवसांत मिळतो कुठे. सगळे स्वतःच्या चिखलात.

मग परवा संध्याकाळी तुझा फोन आला, त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते मी ऐकलं. त्याकडे येतोच. काल सकाळी मी चंदरला म्हटलं, सुट्टी टाक आणि गाडी काढ. तो म्हणाला, "प्लॅस्टरवर पाऊस पडंल." मी म्हटलं, प्लॅस्टिकची पिशवी बांध. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो, एक पाय लाकडासारखा बाहेर काढून, आणि दारोदार निघालो. वाटेत पोरं हसत होती. हसू देत.

पहिलं दार कोंडूचं. सावडीच्या बोलावण्याची रीत तुला माहीत आहे. बापाच्या वेळची कूक आता कुणी घालत नाही, निरोपही पाठवत नाहीत, ज्याचं शेत त्याने स्वतः जायचं, दारात उभं राहून सांगायचं. मी गाडीवरूनच म्हटलं, "कोंडू, उद्या आमच्यात आवणी हाय, घरातून माणूस दे." कोंडूने हातातला चहा खाली ठेवला. म्हणाला, "आमाला वाटलं तुमी यंदा सावड सोडली. चंदर कंपनीत, नात परदेशात, आता मजूर लावणार. तुमी बोलीवलं नाय, मग आमी कशे येनार? आगाऊपणा नाय का दिसनार?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी ओटीवर बसून त्यांच्यावर रुसलो होतो आणि ते त्यांच्या घरी मला मानी म्हणत होते.

लखमाकडे गेलो तर ती कमरेला हात लावून उभी. "काय दादा, नात इमानात नं तुमी सावडीत? मी म्हनलं आता मशीन यील, आमाला लांबनंच बघायला मिळंल." मी म्हटलं, मशीनला मुठी कोण फेकील? ती हसली, म्हणाली, "येतील गो तुमची मानसं, आमी हाव ना." बाईमाणसाला म्हणावं तसं मला गो म्हणाली, म्हणजे राग गेला समज. तशी सगळी दारं फिरलो. कुणीही नाही म्हणालं नाही. एकदाही मला मागणाऱ्यासारखं वाटलं नाही, अक्षदा. उलट प्रत्येक दारातून निघताना वाटत होतं की यांचंच काहीतरी अडकून राहिलं होतं, ते मी येऊन सोडवलं.

एक दार मात्र टाळलं. काळूरामचं. त्याचं शेत आपल्याला लागून, आणि मधल्या बांधावरून जे भांडण झालं ते तू लहानपणी ऐकलं आहेस. तेव्हापासून बोलणं नाही. बांध कुणी कोरला हे आता आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही, पण तोंड फिरवायची सवय लागलीय. त्याच्या दारावरून जाताना चंदरने गाडी हळू केली. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं, पुढे चल. काळूराम अंगणात चिखलणीचा पॉवर टिलर धूत होता. त्याने मान वर केली नाही, मी वळवली नाही.

आता मूळ गोष्ट. परवा व्हिडिओवर बोलताना तुझ्या आईने फोन टेकवून ठेवला आणि माझा प्लॅस्टरमधला पाय तुला दिसला. तू फोन लवकर ठेवलास. मग तासाभराने आईला वेगळा फोन केलास, आजाला सांगू नकोस म्हणून. मी भिंतीला टेकून बसलो होतो, कान अजून शाबूत आहेत. तू तिकीट बघतेयस. टर्म सोडून येणार आहेस. "नायतरी नोकरी कुठे मिळतेय, निदान आजाजवळ राहीन, आवणीला हात लावीन," असं म्हणालीस. हे पत्र त्यासाठी आहे. येऊ नकोस. माझ्या पायासाठी येऊ नकोस, आणि नोकरी मिळत नाही म्हणून तर मुळीच येऊ नकोस. माझा पाय हे तुला मिळालेलं चांगलं कारण आहे, आणि तू ते वापरावंस हे मला चालणार नाही. प्रकल्प पुरा कर. घानाच्या त्या मुलीला सांग, माझ्या वाट्याचं एवढं तू कर. ती वाटच बघत असेल, तू बोलवत नाहीस म्हणून संकोचून बसली असेल. आणि मॅडमच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहा. तू हात दिला आहेस, आता हाक दे. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं दार बघ. मग ऑगस्टात कोर्स संपला की पुढचं ठरव, तिथे राहा, शहापुरात ये, वैशाखरे गावाच्या वर घाटात घर बांध, माझी ना नाही. पण ते ठरवताना माझा पाय मधे आणू नकोस. आज माणसं यायची आहेत, संध्याकाळपर्यंत खालचं शेत हिरवं होईल. चंदर त्याचा फोटो पाठवील, तो बघ आणि तिकिटाचं ते पान बंद कर.

थांब. अंगणात टिलरचा आवाज आलाय, आणि आपण टिलर सांगितलेला नव्हता. काळूराम आहे. एकटा नाही, मागे त्याच्या दोन्ही सुना, डोक्यावर कागद, कमरेला पदर खोचलेला. पायरीशी येऊन उभा राहिलाय, वर येत नाही. चंदरकडे बघत बोलतोय, पण ऐकवतोय मला. म्हणतोय, "साऱ्या गावच्या दारात तुमची गाडी थांबली, माझ्याच दारात नाय. मी काय मेलो का रे, देवरामा?" तो उत्तराची वाट बघतोय, अक्षदा. मला उठलं पाहिजे.

तुझाच,
हाक द्यायला उशिरा शिकलेला
आजा