बांधाच्या आतली रोपं

पालघर, सोमवार

प्रिय बाबा,

पाकीट बघून आधी घाबराल, कारण आपल्या घरी पाकीट आलं की ते कुठल्यातरी कचेरीचंच असतं. हे माझं आहे. माझ्यासोबत काम करणारी ॲनिशा आज वसईला येतेय, तिच्या हाती पाठवतेय. फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, पण तुम्ही लगेच 'जेवलीस का गो?' विचारता आणि माझी जीभ उचलत नाही. एकट्यानेच वाचा.

आई सांगत होती, भाताच्या रोपांचं आवण लावणीला आलंय आणि तुम्ही रोज सकाळी त्याच्याजवळ नुसते उभे राहून परत येता. नोटीस लागल्यापासून आपल्या शेतात ना नांगर जातो ना ट्रॅक्टर. सातबाऱ्यावर 'कांदळवन' लागलंय. आजोबांनी खाडी मागे रेटून केलेली भातजमीन कागदावर तिवरांचं रान झाली. या आठवड्यात लावणी झाली नाही तर आवण गुरांपुढे टाकायचं, आणि गुरुवारी प्रांतसाहेबांच्या सुनावणीत हरलात तर यापुढे कधीच लावणी नाही. मला काही सुचत नाही, बाबा. समोरचं ताट तसंच राहतं.

सरकारच्या तिवरं लावायच्या योजनेत मला कंत्राटी नोकरी लागली तेव्हा 'आमची संजना आता खाडीच्या पान्याला वेसन घालनार' म्हणत तुम्ही गावभर फिरलात. योजना चांगलीच होती, मला अजूनही तसंच वाटतं. बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला तिवरं लावायची म्हणजे ती लाटांचा जोर मोडतील, आणि मग सरकार फुटलेले बांध दुरुस्त करून देईल. पण फेब्रुवारीच्या उधाणाने निम्मी रोपं नेली. मार्चअखेर जवळ आली. आमच्या ऑफिसातले साहेब रोज एकच विचारायचे, फोटो किती झाले? खाडीला मार्चअखेर कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

पिशव्यांतली दोनशे रोपं उरली होती. ती बांधाच्या आत गेली. आपल्याच शेताच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे दोन वर्षं खारं पाणी साचून काही पिकलं नव्हतं. तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरात होतात. दुसऱ्याच्या शेतात लावली असती तर बोंब झाली असती. हे तर घरचंच. फोटो काढायचे आणि आठ दिवसांत आवणासारखी उपटून बाहेर नेऊन लावायची. ज्या हातांना तुम्ही लावणी शिकवलीत त्यांनीच हे केलं, बाबा. मी केलं. एक एप्रिलला मला डहाणूला पाठवलं आणि रोपं राहून गेली. फोटोंवर जागेचे आकडे आपोआप उमटतात. तेच आकडे कांदळवनाच्या सरकारी नकाशात गेले आणि नकाशावरून सातबाऱ्यात. मे महिन्यात आले तेव्हा रोपांनी मूळ धरलं होतं आणि उपटणं हा गुन्हा झाला होता. कुंपणानेच शेत खाल्लं.

आणि तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय. शेजारच्या प्रल्हादकाकांनी जुन्या भांडणाचा सूड म्हणून रोपं लावली, हे तुम्ही मनाशी पक्कं केलंत. बांध फुटला तेव्हा सगळ्यांच्या आधी कुदळ घेऊन तेच आले होते. परवा ते घरी आले तर तुम्ही त्यांना ओटीही चढू दिली नाहीत, असं आपला धाकटा कल्पेश अभिमानाने सांगत होता. मी फोन कानाला लावून गप्प ऐकलं. ते गप्प बसणं मला रोपं लावण्यापेक्षा जड जातंय.

आज सकाळी मी सगळं लिहून, सहीनिशी आणि मूळ फोटोंसकट, प्रांतांच्या कार्यालयात पाठवलं. नोकरी जाईल, कदाचित माझ्यावर गुन्हाही दाखल होईल. तेवढ्याने शेत सुटेलच, असं वकील म्हणत नाहीत. पण गुरुवारी तुम्ही जो तक्रारअर्ज देणार आहात, त्यात प्रल्हादकाकांचं नाव आहे. तो देऊ नका, एवढ्यासाठी हे पत्र. रोपं कोणी लावली असं प्रांतसाहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा. मी तिथेच मागे उभी असेन. 'ती माझी मुलगी' असं त्या वेळी तुमच्या तोंडून नाही निघालं, तरी मी समजून घेईन.

तुमचीच,
संजना