स्पोकवरची खाच

३ फेब्रुवारी १९९५, नोएडा

आज परत भिंतीकडे तोंड! राजवीर म्हणून एक बडं गिऱ्हाईक आहे, त्याच्या बापाची जुनी इंग्रजी ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरची मोटारसायकल, गॅरेजला आली. उस्ताद मारुतरावांनी ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, वळ तिकडे. चार वर्षं हेच. पंक्चर काढ, चेन धू, चहा आण. ठिणगीचं टायमिंग लावायची वेळ आली की भिंत. म्हणे एकदा शिकवलं की पोरगं समोरच दुकान टाकतं. फौजेतून सुटून आले होते तेव्हा गावी येऊन आईला सांगितलं, पोराला नोएडाला नेऊन मेकॅनिक करतो. सातवी नापास पोरगं जाणार कुठं — माहीत आहे त्यांना.

पण भिंतीशी एक भंगार स्कूटर उभी आहे. तिच्या आरशात सगळं दिसतं!

४ फेब्रुवारी

प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक पिस्टनवर टेकवायचा. स्पोकवर एक खाच आहे. ती भोकाच्या काठाशी आली की ठिणगी तिथंच पडायला हवी. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा, तो सैल झाला की पॉइंट उघडला, म्हणजे ठिणगी पडली. दोन सिलेंडर, दोनदा करायचं. एवढंच! याच्यासाठी चार वर्षं!

आणखी एक कळलं. म्हातारा खाच बघत नाही, नखानं चाचपतो. डोळे गेलेत त्याचे. परवा मीच उभा आहे असं समजून त्यानं त्या भंगार स्कूटरलाच शिव्या दिल्या. मी मागे उभा राहून हसलो.

७ फेब्रुवारी

राजवीर सेक्टर अठरात शोरूम काढतोय. नव्या जपानी गाड्या, काचेचं दार, मेकॅनिकला युनिफॉर्म. पण माणूस एकच हवाय. म्हणाला, ट्विनचं टायमिंग मुद्दाम बिघडवून ठेवतो. ‘रविवार को जो ट्विन स्टार्ट करेगा, वही आएगा. पहले उस्ताद, फिर तू.’

मारुतराव म्हणाले, "याला कशाला? हा पान्याचे नंबर वाचून दाखवतो, तेवढाच कामाचा."

चहावालासुद्धा हसला.

८ फेब्रुवारी

म्हाताऱ्याची कानशिलात बसली. गिऱ्हाइकासमोर. पाना हातून पडला म्हणून.

९ फेब्रुवारी

म्हातारा जेवायला गेला तेव्हा स्पोक काढला. जुनी खाच लांबीची पुट्टी भरून बुजवली, वरून घासली. जरा वर कानशीनं नवी पाडली. आता ठिणगी फार आधी पडणार. अशी गाडी किक मारली की ती किक उलटी पायावर मारते. एकाच सिलेंडरची असली तर पाय नुसता झटकते. ही ट्विन आहे.

बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

राजवीरची कोठी, मोठा बंगला. बाहेर खुर्च्या टाकलेल्या, पाहुणे. म्हाताऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्पोक घातला, नख फिरवलं. मधेच थांबला. परत फिरवलं. मग टायमिंग लावलं. मला वळ म्हणाला नाही — विसरला असेल.

पहिल्याच किकला पाय उलटा फिरला. आवाज मला आला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. पाहुण्यांतली एक बाई ओरडली. राजवीरनं आधी गाडी पडली का ते बघितलं.

म्हाताऱ्याला रिक्षात घातलं आणि मी जुन्या खाचेच्या मापानं टायमिंग लावलं. दुसऱ्या किकला चालू! टाळ्या वाजल्या.

१५ फेब्रुवारी

युनिफॉर्म मिळाला. निळा. खिशावर माझं नाव.

१९ फेब्रुवारी

मारुतरावांना भेटायला सरकारी दवाखान्यात गेलो. केळी नेली, युनिफॉर्म मुद्दाम घालून गेलो. त्यांना दिसला नाही. हात लावून कापड बघितलं, चांगलं आहे म्हणाले. नडगी दोन जागी मोडली, आता किक मारणं संपलं.

निघताना म्हणाले, "जुनी खाच बुजवलेली नखाला लागली रे. म्हटलं, त्या स्कूटरच्या आरशात बघून बघून पोराला जमलं. माझी चुकली असेल, ती यानं सुधारली. म्हणून तुझ्याच खाचेवर लावलं."